जमिनीखालचे सोने आणि आपला शब्द

रविवारचा अभ्यासवर्ग संपला होता. सतरंज्यांच्या घड्या घालून त्या कोपऱ्यात ठेवून झाल्या होत्या. वडोदऱ्याच्या आमच्या केंद्रात नियमित येणारे एक गृहस्थ, गेल्या वर्षीच निवृत्त झालेले, मुद्दाम मागे रेंगाळले. खिशातून मोबाईल काढून त्यांनी मला एक संदेश दाखवला. टोरोंटोत राहणाऱ्या जावयाने पाठवलेला. कॅनडातील एक छोटी कंपनी सोन्याचा शोध घेत आहे, शेअर सध्या २२ सेंटला आहे, पहिल्या काही भोकांचे निकाल चांगले आले आहेत, पुढचे आले की भाव कुठल्या कुठे जाईल.

"ग्रॅच्युइटीतले सहा लाख घालावे म्हणतो," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "दादा, हा जुगार आहे का? साधकाने असं करावं का?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी बोलू, एवढेच म्हटले. त्याला कारण होते, ते ओघात येईलच. पण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यापैकी कोणाच्याही घरात येऊ शकतो, म्हणून त्यांच्याशी जे बोललो ते तुमच्याशीही बोलावे असे वाटले. कायद्याची अडचण यात फारशी नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते आणि तिथले शेअरही घेऊ शकते. दार उघडे आहे. त्यातून जायचे की नाही, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.

आधी ही कंपनी काय असते ते समजून घेऊ. न समजता दिलेला नैतिक निवाडा हाही एक आळसच असतो.

खाणउद्योगात अशा कंपनीला 'ज्युनियर' म्हणतात. तिच्याकडे खाण नसते, विक्री नसते, नफा नसतो. असतो तो जमिनीच्या एका तुकड्यात शोध घेण्याचा परवाना, चार भूवैज्ञानिक आणि एक अनुमान. अनुमान तपासायचे तर खडकात शेकडो मीटर खोल भोक पाडावे लागते. त्यातून दगडाचा लांब दांडा निघतो, त्याला 'कोअर' म्हणतात. तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, म्हणजे कोणाला शंका आली तर पुन्हा तपासता येतो. या सगळ्याला पैसा लागतो आणि नुसत्या अनुमानावर बँक कर्ज देत नाही. म्हणून कंपनी नवे शेअर काढते. ते पैसे संपले की आणखी काढते. प्रत्येक वेळी आधीच्या भागधारकाचा वाटा पातळ होत जातो, पाहुणे वाढतील तसे आमटीत पाणी घालावे तसा. आणि बहुतेक वेळा शेवटी खाण होण्याजोगे काही सापडतच नाही.

तरीही याला मी सरसकट जुगार म्हणणार नाही. १९९३ साली कॅनडाच्या लॅब्राडोर भागात दोन शोधकर्ते एका छोट्या कंपनीसाठी हिरे शोधत हिंडत होते. हिरे मिळाले नाहीत. गंजल्यासारख्या तांबूस रंगाचा एक उघडा खडक मात्र दिसला आणि त्याखाली निकेल, तांबे आणि कोबाल्ट यांचा प्रचंड साठा निघाला. तोच व्हॉइसीज बे. १९९६ साली इन्को या मोठ्या कंपनीने सुमारे ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून तो घेतला. फासे टाकल्याने जगात काही नवे निर्माण होत नाही, एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते. इथे भोक रिकामे निघाले तरी 'या ठिकाणी नाही' एवढे ज्ञान तरी पदरात पडते. तुमच्या घरातल्या वायरिंगमधले तांबे कधीतरी कोणाच्या तरी अशाच अनुमानात होते. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, आणि धोका पत्करून पैसा लावणारी माणसे नसती तर खाणीच काय, जहाजेही बंदराबाहेर पडली नसती. 'पैसा म्हणजे माया, त्याचा विचारच नको' असे आपल्यापैकी काही जण फार लवकर म्हणतात. (म्हणणाऱ्यांचे बँकेतले लॉकर रिकामे असते असे नाही.)

मग दोष कुठे शिरतो? पहिली जागा कागदावरच्या आकड्यात आहे.

त्या गृहस्थांच्या संदेशात लिहिले होते, "४० मीटर लांबीवर टनामागे २ ग्रॅम सोने." ऐकायला भरभक्कम वाटते. पण समजा त्या ४० मीटरपैकी फक्त २ मीटरच्या पट्ट्यात टनामागे ३८ ग्रॅम आहे आणि उरलेल्या ३८ मीटरमध्ये जेमतेम ०.१ ग्रॅम. सरासरी काढा, जवळजवळ २ ग्रॅमच येते. आकडा खोटा नाही. पण अर्ध्या खोलीएवढ्या जाडीची एक शीर आणि ४० मीटर जाडीचा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसरी उभी राहते. शिवाय २ ग्रॅम म्हणजे १० ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी ५ टन खडक खणायचा, दळायचा आणि त्याचा चुरा कुठेतरी टाकायचा. कुठे? त्या रानात आधीपासून राहणाऱ्या माणसांच्या शेजारीच. पत्रकात ही ओळ सहसा नसते.

पत्रकात वाईट हेतू असेलच असे नाही. आपणही आपल्या साधनेचा हिशेब असाच मांडतो, एका चांगल्या दिवसाची सरासरी सगळ्या महिन्यावर पसरून.

दुसरी जागा अधिक खोल आहे. ती समजण्यासाठी ब्रे-एक्सची हकीकत पाहावी लागेल.

ब्रे-एक्स मिनरल्स ही कॅलगरीतील छोटी कंपनी. डेव्हिड वॉल्श हे तिचे प्रवर्तक. भूवैज्ञानिक जॉन फेल्डरहॉफ यांच्या सल्ल्याने १९९३ साली तिने इंडोनेशियात बोर्निओ बेटावरच्या बुसांग या जंगलातल्या जागेचे हक्क घेतले. तिथले शोधकाम मायकेल डी गुझमन हे फिलिपिनो भूवैज्ञानिक पाहत. सोन्याचे आकडे येऊ लागले आणि दर खेपेला वाढू लागले. १९९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साठा ७ कोटी औंसांवर गेला, त्याहून कितीतरी मोठे आकडेही बोलले जात होते. काही सेंटांना मिळणारा शेअर १९९६ च्या मे महिन्यात, विभागणीपूर्वीच्या हिशेबाने, २८० डॉलरच्या वर पोचला. कंपनीचे बाजारमूल्य ६ अब्ज कॅनेडियन डॉलरपलीकडे गेले. अल्बर्टा प्रांतातल्या सेंट पॉल या लहानशा गावात हा शेअर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी असा पोचला आणि अनेक साध्या कुटुंबांची बचत त्यात गेली. ओंटारिओतील शिक्षकांच्या पेन्शन फंडासारखे मोठे, तज्ज्ञांच्या फौजा बाळगणारे फंडही आत होते.

मग फ्रीपोर्ट-मॅकमोरॅन ही मोठी खाणकंपनी भागीदार म्हणून आली. तिने एक साधी गोष्ट केली. जुन्या भोकांच्या अगदी शेजारी स्वतःची भोके पाडली. त्यांच्यात सोने जवळपास नव्हतेच. या पथकाला भेटायला निघालेले डी गुझमन १९ मार्च १९९७ रोजी हेलिकॉप्टरमधून खाली पडून मरण पावले. २६ मार्चला फ्रीपोर्टने निष्कर्ष जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअरची ८० टक्क्यांहून अधिक किंमत गेली. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र तज्ज्ञ संस्थेच्या अहवालाने उरलासुरला संशय संपवला. दगडाच्या भुकटीत प्रयोगशाळेत जाण्याआधी बाहेरचे सोने मिसळले जात होते. सोन्याच्या त्या कणांना नदीतल्या सोन्याचा गोलावा होता, खडकातल्या सोन्याचा नव्हे. आणि बुसांगमध्ये कोअरचा अर्धा भाग जपून ठेवण्याची पद्धत पाळली जात नव्हती, बहुतेक सगळा दगड दळून टाकला जाई. पुन्हा तपासायला मागे काही उरतच नसे. हे नेमके कोणी केले ते न्यायालयात कधी पूर्ण उलगडले नाही. वॉल्श १९९८ मध्ये वारले, फेल्डरहॉफ २००७ मध्ये आरोपमुक्त झाले.

या कथेतला लबाड कोण होता याकडे आपले लक्ष लगेच जाते. मला मात्र बाकीच्यांचा विचार सतावतो. भुकटीत सोने मिसळणारे हात मोजके असतील. प्रयोगशाळेने आलेल्या भुकटीत जे होते तेच प्रामाणिकपणे मोजले. साठ्याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यांनी मिळालेल्या आकड्यांवर योग्य गणित केले. विश्लेषकांनी त्या अभियंत्यांचा हवाला दिला. फंडांनी विश्लेषकांचा. सेंट पॉलच्या शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितले ते खरोखर त्याच्या भल्यासाठी. यातले कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या विश्वासावर विश्वास ठेवत होता, आणि प्रत्येक कडीशी आकडा जरा जास्त पक्का होत गेला, कारण आता आणखी एका भल्या माणसाने तो मानला होता. साऱ्या साखळीत स्वतः जाऊन भोक पाडून पाहिले ते शेवटी फ्रीपोर्टने.

आपण ज्याला श्रद्धा म्हणतो ती ही नव्हे. श्रद्धेला स्वतःच्या अनुभवाचा आधार लागतो, निदान तो घेण्याची तयारी तरी लागते. ही होती उसनी खात्री.

आता माझी गोष्ट. २००७ साली धातूंच्या शेअरची लाट होती. एका छोट्या कंपनीला खनिजशोधाचा परवाना मिळणार असे मला एका ओळखीच्याने सांगितले. मी दीड लाख घातले. भाव वाढला. केंद्रात सत्संगानंतर चहा पिताना मी ते दोघा-तिघांना सांगितले, सल्ला म्हणून नव्हे, आनंद म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला असेच समजावले. त्यात एक भगिनी होत्या, पती नुकतेच वारलेले. त्यांनी ८० हजार घातले. त्यांना कंपनी ठाऊक नव्हती, परवाना म्हणजे काय तेही ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होतो मी. रोज पहाटे ध्यानाला बसणारा, वर्ग घेणारा मनुष्य.

२००८ मध्ये भाव घसरू लागला तेव्हा त्यांनी मला एकदाच विचारले, "दादा, आता काय करू?" तेव्हा विकले असते तर त्यांचे निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते. मी म्हणालो, "थांबा, वर येईल." मला खरेच तसे वाटत होते का? पुढे पुष्कळ वर्षे मी स्वतःला हे विचारले आहे. वाटत नव्हते. पण त्या विकतात म्हणजे मी चुकलो हे माझ्यासमोर उभे राहते, आणि ते मला त्या आठवड्यात पाहायचे नव्हते. त्यांच्या ८० हजारांवर मी माझा मान टांगून ठेवला. शेवटी त्या शेअरला घेणारच उरला नाही. पुढच्या दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने मी त्यांना ४० हजार दिले. त्यांनी मुकाट्याने घेतले. बाकीचे ४० हजार द्यायला गेलो तेव्हा "राहू दे दादा" म्हणाल्या. ते 'राहू दे' अजून माझ्याजवळ आहे. त्या येतात, बसतात, पण मला काही विचारत नाहीत.

माझे दीड लाख गेले याचे दुःख वर्षभरात विरले. तो धोका माझा होता, मी पत्करला होता. यमांमध्ये अस्तेय आणि अपरिग्रह आहेत हे मला तेव्हाही पाठ होते. पण दुसऱ्याचा विश्वास ज्या कामासाठी मिळाला त्याहून वेगळ्या कामाला वापरणे हेही स्तेयच आहे, हे कोणत्या वर्गात कळले नव्हते. त्या भगिनींचा विश्वास मला ध्यानासाठी मिळाला होता. मी तो बाजारात वापरला.

ब्रे-एक्सनंतर कॅनडाने नियम बदलले. २००१ पासून खनिजसाठ्याची तांत्रिक माहिती जाहीर करायची तर ती एका नामनिर्देशित पात्र व्यक्तीच्या जबाबदारीवरच करावी लागते. कोणाचे तरी नाव तिथे असावेच लागते. चहाच्या कपाबरोबर दिलेल्या आपल्या शब्दाखाली असे नाव कोणी मागत नाही, म्हणून तो इतका सहज सुटतो.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ आले तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगितले, ४० हजारांसकट. मग द्यूतसभेबद्दल बोललो. युधिष्ठिर खेळला, एवढ्यावरच आपण थांबतो. द्रौपदीचा प्रश्न त्याहून धारदार होता. त्याने आधी स्वतःला पणाला लावून हरले की मला? स्वतःच दास झालेल्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार कसा उरतो? अख्खी सभा खाली मान घालून बसली, भीष्मांनासुद्धा उत्तर देता आले नाही. खेळ चांगला की वाईट हे तिने विचारलेच नाही. तिने विचारले, जे लावलेस ते लावायला तुझे होते का?

"ही ग्रॅच्युइटी कोणाची?" मी विचारले.

"माझीच की. पस्तीस वर्षं नोकरी केली."

"वहिनींना सांगितलंत?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ती घाबरेल. पैसे दुप्पट झाले की सांगणार होतो."

तुम्हीही असा काही विचार करत असाल तर इथे क्षणभर थांबा. जी गोष्ट फक्त यशस्वी झाल्यावरच सांगता येते, तिच्यात आपल्याला आधीच काहीतरी ठाऊक असते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत सकाळचे डबे कोणी केले, बदलीच्या गावी मुलांच्या शाळा कोणी शोधल्या, हा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला नाही. तो त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होता.

मी त्यांना नको म्हटले नाही. सहा लाखांबद्दल मात्र स्पष्ट बोललो. ही रक्कम उद्या शून्य झाली तर घरातले काय बदलेल, हे कागदावर लिहा. औषधे, नातवाच्या भेटीचे विमानभाडे, बहिणीला दर दिवाळीला पाठवता ते, काय थांबेल? काहीच थांबणार नाही एवढीच रक्कम या कामासाठी तुमची. ती ३० हजार असेल, १० हजार असेल, किंवा काहीच नसेल. ती एकदा दिली की गेली असे समजायचे. पडत्या भावाला 'सरासरी करायला' म्हणून आणखी घालायची नाही. आणि ज्या दिवशी तुम्हाला कंपनीबद्दल वाईट बातमी वाचण्याचा राग येऊ लागेल, त्या दिवशी ओळखा की आता गुंतवणूक उरली नाही, आसक्ती उरली आहे. खरे कळावे असे ज्याला वाटते तो वाईट बातमी आधी शोधतो. याबाबतीत फ्रीपोर्टचे ते पथक अनेक साधकांपेक्षा सरस होते असे मला वाटते.

आणखी एक सांगितले, आणि यावर मी हटूनच बसलो. फायदा होवो की तोटा, केंद्रात याचा उच्चार करायचा नाही. विशेषतः फायदा झाला तर. आपल्याकडे माणसे मन मोकळे करायला येतात, त्यांची कवाडे उघडी असतात. तोट्याची गोष्ट ऐकून कोणी पैसे लावत नाही. फायद्याची ऐकून लावतात.

त्यांना हे थोडे लागले असावे. दोन रविवार ते आले नाहीत. मी जरा जास्तच बोललो की काय, असे मला वाटत राहिले.

तिसऱ्या रविवारी आले. वर्गानंतर पुन्हा मागे थांबले. घरी सांगितले होते. वहिनी घाबरल्या नव्हत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "आपले जावई स्वतः किती घालताहेत?"

त्या रात्री त्यांनी टोरोंटोला फोन केला. जावई मोकळेपणाने बोलले. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी ९ सेंटने घेतले होते. नवे घेणार नव्हते. भाव २५ वर गेला की निम्मे विकायचा विचार होता. यात लबाडी काहीच नव्हती, त्यांना खरोखर सासऱ्यांचे भले व्हावे असे वाटत होते.

"मग?" मी विचारले.

"मग काय," ते म्हणाले आणि सतरंजीचे दुसरे टोक धरायला पुढे आले.